किल्ला गेला, किताब राहिला

मराठीत ‘किताब’ म्हणजे पदवी. उर्दूत ज्याला आपण ‘खिताब’ म्हणतो, तोच हा शब्द. येथे त्याचा अर्थ पुस्तक नव्हे! पूर्वी काही घराण्यांत किताब बापाकडून मुलाकडे जात असे. त्याला वंशपरंपरागत किताब म्हणतात. अशाच एका घराण्याची हकीकत आज आपण वाचू या.

स्वित्झर्लंडच्या आरगाउ प्रांतात, आरे नदीजवळच्या टेकडीवर हॅब्सबर्ग नावाचा लहानसा किल्ला आहे. तो सुमारे इ. स. १०३० मध्ये राडबोट नावाच्या सरदाराने बांधला. त्याचा हरवलेला ससाणा येथे सापडला, म्हणून ‘ससाण्याचा किल्ला’ हे नाव पडले, अशी दंतकथा आहे. काही अभ्यासक मात्र या नावाचा संबंध नदी ओलांडण्याच्या जागेशी जोडतात. पुढे राडबोटचे वंशज ‘हॅब्सबर्गचे काउंट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. काउंट म्हणजे एखाद्या मुलखाचा मोठा सरदार.

१२७३ साली या घराण्यातील रुडॉल्फ याची जर्मनीचा राजा म्हणून निवड झाली. १२८२ मध्ये त्याने ऑस्ट्रियाचा कारभार आपल्या मुलांकडे सोपवला. घराण्याचे भाग्य उजळले. पण स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातील लोकांना त्यांची सत्ता नको होती. १३१५ मध्ये मोरगार्टेन येथे आणि १३८६ मध्ये झेंपाख येथे स्विस लोकांनी हॅब्सबर्गांच्या सैन्याचा पराभव केला. १४१५ मध्ये बर्नच्या सैन्याने हा मूळचा किल्लाही घेतला.

किल्ला हातचा गेला, पण किताब काही सुटला नाही! पाचशे वर्षांनंतरही ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या लांबलचक किताबांत ‘हॅब्सबर्गचा काउंट’ हे शब्द होतेच.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये १८४८ च्या राज्यघटनेने जन्मावरून किंवा घराण्यावरून मिळणारे विशेष हक्क रद्द केले. १९१८ मध्ये हॅब्सबर्गांचे राज्य संपले आणि १९१९ मध्ये ऑस्ट्रियानेही कायद्याने सरदारी किताब बंद केले.

आज तो किल्ला आरगाउ प्रांताच्या मालकीचा आहे. तेथे संग्रहालय आहे. ज्या दारातून एके काळी सरदार घोड्यावरून जात, त्याच दारातून आता शेतकऱ्याची, कामगाराची मुले आत जातात. त्यांना त्यांचे घराणे कोणी विचारत नाही.