मैफलीतले शब्द, नेमक्या अर्थाने

स्वर : एका सप्तकात 12. सात शुद्ध, रे, ग, ध, नी हे चार कोमल, म तेवढा तीव्र. सा आणि प अचल, ते जागा सोडत नाहीत. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मच्या डोक्यावर उभी.

थाट : सात स्वरांची चौकट. थाट गात नाहीत, राग गातात. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या पद्धतीत थाट 10.

राग : किमान पाच स्वर हवेत, पण नुसत्या स्वरांनी राग होत नाही. भूप आणि देशकार पाहा. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, देशकाराचा ध. भूप रात्री पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. ऐकताना गायक कुठे थांबतो, तिकडे कान ठेवा.

लय : गती. विलंबित, मध्य, द्रुत.

ताल : मात्रांचे आवर्तन. दादरा 6, झपताल 10, एकताल 12, त्रिताल 16.

सम : आवर्तनाची पहिली मात्रा. त्रितालात 1, 5 आणि 13 वर टाळी. नवव्या मात्रेला हात रिकामा, ती 'खाली'.