भेकराची सहा गुणसूत्रे

सह्याद्रीच्या जंगलात कातरवेळी कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला, तर ते बहुधा भेकर असते. या लाजऱ्या हरणाने शास्त्रज्ञांनाही चकवले. १९७० साली डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी त्याच्या पेशी तपासल्या, तेव्हा मादीत फक्त ६ गुणसूत्रे निघाली आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत इतका कमी आकडा दुसऱ्या कोणाचा नाही. माणसात ४६ असतात, गायीत ६०, कुत्र्यात ७८.

गुणसूत्र म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्याची नीट गुंडाळलेली लड. जनुके याच धाग्यावर असतात. मग लडी जास्त असतील तर जीव अधिक प्रगत असेल, असे कोणालाही वाटेल. पण बटाट्यात ४८ गुणसूत्रे आहेत, माणसापेक्षा दोन जास्त! कांद्यात १६च, तरी त्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट भरतो. धागा किती आणि त्याच्या लडी किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

भेकराचे कोडे इथेच सुटते. चीनमध्ये त्याचा एक भाऊबंद राहतो. दिसायला बराचसा तसाच, पण गुणसूत्रे ४६. भेकराच्या पूर्वजांत अनेक लहान गुणसूत्रे टोकाला टोक जुळून सांधली गेली. जनुके फारशी हरवली नाहीत, फक्त गाठोडी कमी झाली. त्या सांध्यांच्या खुणा आजही त्याच्या डीएनएत सापडतात.

माणसाचेही तसेच झाले आहे. चिंपांझीत ४८ गुणसूत्रे आहेत. आपल्या पूर्वजांत त्यांतली दोन जोडली जाऊन आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र बनले. गंमत म्हणजे, माणसात ४८ गुणसूत्रे असतात असेच शास्त्रज्ञ अनेक वर्षे मानत होते. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात जो हिन चिओ यांनी काचपट्टीवर ती नीट पसरवून मोजली, तेव्हा ४६ भरली.

दुसऱ्या टोकाला नेच्याच्या कुळातली एक छोटी वनस्पती आहे, ओफिओग्लॉसम रेटिक्युलेटम. १९५४ साली अब्राहम आणि निनान या भारतीय शास्त्रज्ञांनी तिची गुणसूत्रे मोजली, ती १२६०! उलट, ऑस्ट्रेलियातल्या एका मुंगीच्या नरात एकच गुणसूत्र असते.

आकड्यावरून जिवाची योग्यता ठरत नाही, पण त्याची संतती बऱ्याचदा ठरते. बीजपेशी बनताना आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र जोडीने समोरासमोर यावे लागते. घोड्यात ६४, गाढवात ६२, म्हणून खेचराच्या वाट्याला ६३ येतात. जोड्या नीट लागत नाहीत आणि खेचर जवळजवळ नेहमीच वांझ राहते. गव्हाने मात्र वाट काढली. तीन रानगवतांचे संच त्यात एकत्र आले, पण प्रत्येक दुहेरी, त्यामुळे ४२ गुणसूत्रांच्या २१ जोड्या बिनबोभाट लागतात आणि कणसात दाणा भरतो.

आपल्या खाण्यातल्या केळ्याला हे जमले नाही. त्यात ११ गुणसूत्रांचे तीन संच आहेत, एकूण ३३, आणि तिघांची जोडी लागत नाही. म्हणून केळ्यात बी धरत नाही. जळगावच्या बागांत केळी पेरत नाहीत. मुनवे किंवा उतिसंवर्धित रोपे लावतात आणि त्या प्रत्येक रोपात तीच ३३ गुणसूत्रे असतात.