पीण्याची वीज आणि घरातलं गाणं
लेखमाला : घरातला सूर – भाग ७

मागच्या भागात आपण स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावेत ते पाहिलं. आज विजेकडे वळू. वीज ‘स्वच्छ’ करून देणारा पॉवर कंडिशनर घरच्या ऑडिओसाठी घ्यावा का?

उत्तर शोधायला बंगळूरचं पीण्या औद्योगिक क्षेत्र चांगली जागा आहे. तुमकूर रस्त्यालगतची ही वसाहत १९७०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. आज तिथे हजारो लहान-मोठे कारखाने आहेत. मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं, मोटरींचा वेग बदलणारे ड्राइव्ह मूळ लहरीत तिच्या पटीतल्या लहरी (हार्मोनिक) मिसळून तिचा आकार बिघडवतात. अशा वेळी सीएनसी यंत्राचा कंट्रोलर मधेच थांबला, तर यंत्रावरचा भाग वाया जाऊ शकतो. म्हणून अशा यंत्राला सर्व्हो स्टॅबिलायझर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जोडतात. कारखान्याला हा खर्च परवडतो, कारण नुकसान मोजता येतं.

शेजारच्या दासरहळ्ळीत किंवा जालहळ्ळीत गाणं ऐकणाऱ्याचं गणित वेगळं आहे. घराला वीज सहसा ११ हजार व्होल्टची ४३३ व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून येते. त्याची उच्चदाबाची बाजू डेल्टा जोडणीची असल्याने तिसऱ्या पटीतले हार्मोनिक बऱ्याच अंशी तिथेच अडतात. उरलेल्याची सोय अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच असते. तो २३० व्होल्टची वीज स्पीकरला थेट देत नाही. आधी तिचं डीसी करतो. सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरतात आणि सर्किट त्यातून लागेल तेवढी ऊर्जा घेतं. नीट बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लहरीतला लहानसहान दोष स्पीकरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे कंडिशनर लावल्यावर तबला अधिक खुला वाटेल, ही अपेक्षा धरू नये. उलट कमी क्षमतेचा कंडिशनर मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला ऐन जोराच्या क्षणी करंट कमी पाडू शकतो.

स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज येत असेल, तर बहुतेकदा दोष विजेत नसतो, जोडणीत असतो. सर्व सिग्नल केबल काढून पाहा. घुंकार थांबला, तर सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमध्ये लूप झाल्याची शक्यता मोठी. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेतली की बहुधा फरक पडतो. अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका. घुंकार स्पीकरमधून न येता अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यातून येत असेल, तर कारण विजेत मिसळलेलं थोडंसं डीसी असू शकतं. त्यावर डीसी ब्लॉकर हा नेमका आणि स्वस्त उपाय आहे.

खरा धोका आहे तो यंत्र जळण्याचा. खांबावरची न्यूट्रल तुटली की एका फेजवरच्या घरात व्होल्टेज वाढत वाढत ४०० च्या आसपास जाऊ शकतं. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर क्षणिक धक्का झेलतो. मिनिटभर टिकणारं जादा व्होल्टेज त्याला झेपत नाही. त्यासाठी ठराविक मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की वीज तोडणारा रिले हवा. एप्रिल-मे महिन्यांतल्या विजांच्या पावसात तर प्लग काढून ठेवणंच सर्वांत भरवशाचं.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी तपासून घ्या. मग व्होल्टेज-कटऑफ आणि सर्ज प्रोटेक्टर लावा. व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल तरच स्टॅबिलायझर. कंडिशनर सगळ्यांत शेवटी, तोही एखाद्या डिमरची किंवा एलईडी ड्रायव्हरची खरखर ऐकू येते आणि मूळ उपकरण बदलता येत नाही, असं स्वतः तपासल्यावरच. तोपर्यंत ते पैसे चांगल्या स्पीकरसाठी राखून ठेवा. तिथला फरक पहिल्या आलापात कानाला कळतो.

पुढच्या आठवड्यात : स्पीकरची केबल किती जाड हवी?