पोथ्यांची वंशावळ

पोथी उतरवताना लेखनिक चुकतो आणि त्याच्या प्रतीवरून नक्कल करणारा पुढचा लेखनिक ती चूकही इमानाने उतरवतो. पोथ्या ताडून मूळ संहिता शोधण्याची, म्हणजे पाठचिकित्सेची, सारी भिस्त यावर आहे. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, तर त्या एकाच घराण्यातल्या असण्याचा संभव मोठा. शुद्ध पाठ जुळण्यावरून मात्र काही ठरत नाही. ते दोघींकडे मूळ संहितेतूनच आलेले असू शकतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालवले, ते असेच नाते शोधत. रकाने आखलेल्या कागदावर प्रचलित श्लोक मांडायचा आणि त्याखाली एकेका पोथीतला फरक अक्षरवार भरायचा. सारी पर्वे छापून व्हायला १९६६ उजाडले.

हे नाते संगणकाकडून शोधायचे, तर त्यालाही लागतो तो असाच तक्ता. १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात इंग्रजी कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’वरचा एक अभ्यास आला. चॉसर १४०० साली वारला. त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. या ग्रंथातल्या ‘वाइफ ऑफ बाथ’च्या प्रास्ताविकाच्या पंधराव्या शतकातल्या ५८ प्रती मात्र आहेत. संशोधकांत साहित्याच्या अभ्यासकांबरोबर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासकही होते, कारण सजीवांच्या जनुकांतले फरक मोजून त्यांचे नाते लावणारी पद्धत इथे पोथ्यांना लावली होती. जनुकातला बदल पुढच्या पिढीत उतरतो, तशी लेखनिकाची चूकही. ५८ प्रतींच्या जोड्याच होतात १,६५३. त्या ओळीओळीने ताडायला माणसाला कित्येक महिने लागतील.

गोंधळ उडवतो तो हुशार लेखनिक. तो दोन पोथ्या समोर ठेवतो आणि पटेल तो पाठ उचलतो. अशा पोथीला दोन घराणी असतात आणि वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. महाभारताच्या पोथ्यांतल्या या सरमिसळीने सुकथनकरांना बेजार केले होते. चॉसरच्या अभ्यासातही अशा संशयित प्रती बाजूला काढाव्या लागल्या. कोणती प्रत काढायची, निव्वळ स्पेलिंगचा फरक पाठभेद धरायचा की नाही, हे ठरवायला त्या काळची भाषा आणि लेखनिकांच्या सवयी जाणणारा माणूसच लागतो.

म्हणून संगणकाने काढलेला वंशवृक्ष पाहताना अभ्यासकाने आधी विचारावे: कोणते फरक मोजले आणि कोणत्या पोथ्या वगळल्या? याचे उत्तर सोबत नसेल, तर तो वृक्ष प्रमाण मानता येत नाही.