मोडीचा व्यापार आणि धातूची चोरी : चंद्रपूरच्या संदर्भात एक विवेचन

‘उद्योगोत्तर समाज’ ही संज्ञा डॅनियल बेल यांच्या १९७३ मधील ग्रंथामुळे विशेष रूढ झाली. वस्तूंच्या उत्पादनाऐवजी सेवा व ज्ञान यांना अर्थव्यवस्थेत प्राधान्य येते, असा तिचा आशय आहे. चंद्रपूर जिल्ह्यास ती जशीच्या तशी लागू पडत नाही. कोळसा, वीज व सिमेंट यांचे उत्पादन येथे चालूच आहे. परंतु उद्योग एकाएकी संपत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी मागे पडतो. वरोऱ्याची कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रातील २१० मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झाले, तर त्याच केंद्रात ५०० मेगावॉटचे नवे संच उभे राहिले. अशा मागे पडणाऱ्या यंत्रसामग्रीतील धातू पुढे कोठे जातो, आणि त्यात वैध व अवैध यांची सीमारेषा कोठे पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

जुन्या धातूचा व्यापार आपल्याकडे नवा नाही. फुटकी भांडी ‘मोड’ म्हणून वजनावर घेऊन कासार वा तांबट नव्या भांड्याच्या किमतीतून ती रक्कम वजा करीत असे. भांड्यावर घराचे नाव घातलेले असे, आणि देणारा व घेणारा परस्परांच्या ओळखीचे असत. आजच्या भंगाराच्या व्यापारात फेरीवाला, दुकानदार, घाऊक व्यापारी आणि जालन्यासारख्या ठिकाणची पोलादाची भट्टी अशी लांब साखळी असते. तिच्या दोन टोकांची एकमेकांशी ओळख नसते.

धातूचा विशेष असा की, वितळल्यावर त्याची ओळख नाहीशी होते, मूल्य मात्र उरते. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यानंतर ते तारेचे होते की भांड्याचे, हे सांगता येत नाही. शिवाय चोराला मिळते ती केवळ वजनाची किंमत. समाजाचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते. भूसंपर्काची तार कापली गेली की प्रश्न तांब्याचा न राहता कामगाराच्या जिवाचा होतो.

कायद्यापुढील अडचण येथूनच सुरू होते. १८६० च्या दंड संहितेतील कलम ४११ आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणारे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ यांनुसार, माल चोरीचा असल्याचे घेणाऱ्यास ठाऊक होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे अभियोग पक्षाने सिद्ध करावयाचे असते. म्हणून रेल्वे मालमत्तेसंबंधीच्या १९६६ च्या कायद्याने निराळी वाट धरली. संशय वाजवी असल्यास, माल वैध मार्गाने आला हे ताबेदारानेच सिद्ध करावयाचे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२४ चा रोखही असाच आहे. चोरीची असावी असे मानण्यास कारण असलेल्या वस्तूचा समाधानकारक खुलासा न देता येणे, हा तेथे अपराध ठरतो.

ही तरतूद परिणामकारक खरी. परंतु तिचा भार कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. पोते पाठीवर घेऊन भंगार वेचणाऱ्याजवळ पावती असण्याचा संभवच नाही. टाकून दिलेला पत्रा उचलणारा आणि चालू तार कापणारा, हे दोघेही कागदाअभावी एकाच पंक्तीस बसतात. सार्वजनिक उपक्रमांचे भंगार लिलावाने, कागदपत्रांनिशी विकले जाते. गरिबाच्या वेचणीस असा कागद लाभत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार व्यापाऱ्यास परवाना व विक्रेत्याच्या ओळखीची पडताळणी आवश्यक केली आणि रोख व्यवहारास बंदी घातली. त्यानंतर तेथील चोऱ्या घटल्या. मात्र त्याच काळात तांब्याचे भावही उतरले होते, हे विसरता येत नाही. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यावर वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी आली. परंतु ही नोंद कराची आहे, मालाच्या उगमाची नव्हे. शिवाय साखळीतील नोंदणी नसलेला लहान खरेदीदार तिच्या बाहेरच राहतो.

या बाबतीत पुण्याचा अनुभव उद्बोधक आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांच्या ओळखपत्रांस तेथील महानगरपालिकेने मान्यता दिली. धातूवर नाव टिकत नसेल, तर ते माणसाजवळ असले पाहिजे, हे तत्त्व त्यात दिसते. वेचणाऱ्यास ओळखपत्र आणि पहिला तराजू धरणाऱ्यास नोंदवही, या दोन गोष्टी एकत्र आल्या, तरच चोर व कष्टकरी यांतील भेद कायद्यास करता येईल. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात, जेथे जुने संच व खाणी उत्तरोत्तर निवृत्त होत जाणार, तेथे या प्रश्नाचा क्षेत्राभ्यास अगत्याचा ठरतो.