घरावर चढलेला बोजा

१७९१ साली अमेरिकेची नवी राजधानी कागदावरच होती. पोटोमॅक नदीच्या काठी प्लॉट आखले जात होते, पण घरं बांधायला कारागीर यावेत कसे? बांधकामात आधी पैसा गुंततो तो बांधणाऱ्याचा, आणि मालकाने हात वर केले तर भिंत काही उचलून नेता येत नाही. थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांच्या पाठिंब्याने मेरीलँडच्या विधिमंडळाने तोडगा काढला. करार लेखी असेल आणि नोंदवला असेल, तर थकलेल्या पैशांचा बोजा थेट त्या घरावर आणि जागेवर! इंग्लंडच्या कायद्यात असं काही नव्हतं. तिथे वस्तू ताब्यात असणाऱ्यालाच ती अडवून धरता येई.

हा 'मेकॅनिक्स लिएन' मग राज्याराज्यांत पसरला. खरा पेच पुढे आला तो पोटठेकेदाराचा. त्याचा मालकाशी करारच नसतो. न्यूयॉर्कने म्हटलं, मालक मुख्य ठेकेदाराला जेवढं देणं लागतो, तेवढ्यापुरताच पोटठेकेदाराचा बोजा. पेनसिल्व्हेनियाने त्याला स्वतंत्र हक्क दिला. म्हणजे मुख्य ठेकेदार पैसे गिळून पसार झाला, तर घरमालकावर त्याच कामाचे पैसे दोनदा मोजायची पाळी. दोन्हीकडे कोणीतरी नाडला जातोच; पण माझ्या मते जोखीम ठेकेदार निवडणाऱ्यानेच घ्यावी, कारण निवड त्याची असते.

कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क घातला, आणि तारखांचं कुंपणही तिथे कडक झालं. पोटठेकेदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकाला, मुख्य ठेकेदाराला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला प्राथमिक नोटीस द्यायची. उशीर झाला तर नोटिशीच्या २० दिवस आधीपासूनचंच काम धरलं जातं. काम पुरं झाल्यावर लिएन नोंदवायला ९० दिवस. मालकाने पूर्णत्वाची नोटीस नोंदवली तर पोटठेकेदाराला फक्त ३०. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा लावला नाही, तर लिएनचा अंमल संपला. रोजंदारीवर राबणाऱ्याला प्राथमिक नोटीस माफ आहे, ही एक शहाणपणाची गोष्ट. बाकीच्यांचा हक्क बुडतो तो बहुधा कॅलेंडरपायी. 'मालक ओळखीचा आहे, देईल' असं म्हणत थांबणारा इथे हमखास हरतो.

सरकारी इमारतीवर बोजा चढवता येत नाही. कोर्टाची इमारत लिलावात कोण काढणार? म्हणून आधी १८९४ चा हर्ड कायदा आणि त्याच्या जागी १९३५ चा मिलर कायदा आला. केंद्र सरकारच्या मोठ्या कामांवर मुख्य ठेकेदाराने पोटठेकेदार, मजूर आणि माल पुरवणारे यांच्या पैशांचा हमी-बाँड द्यायचा. पैसे थकलेला पोटठेकेदार त्या बाँडवर दावा लावतो.

आपल्याकडे भारतात घरावरचा बोजाही नाही आणि असा हमी-बाँडही नाही. १८७२ च्या करार कायद्याचं वस्तू अडवून धरू देणारं कलम १७० जंगम मालापुरतं. त्याखालचं उदाहरणच हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिराचं. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याने बिल चुकतं करायला ४५ दिवसांची कमाल मुदत आणि उशिरावर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणलं, पण बांधकामाचे ठेके त्यात बसतात की नाही यावरच कोर्टात वाद झडले. सरकारी कामाला बँक गॅरंटी लागते, पण ती ठेकेदाराने खात्याला द्यायची. त्याच्या खाली स्लॅब ओतणाऱ्याचं, फरशी बसवणाऱ्याचं बिल अडकलं तर त्या गॅरंटीला त्याला हात लावता येत नाही.