चाल न सोडता : सनी रॉलिन्स यांचे ‘सॅक्सोफोन कोलोसस’

जॅझ संगीताशी फारशी ओळख नसलेल्या श्रोत्याने आरंभ कोठून करावा, या प्रश्नाच्या उत्तरांत ‘सॅक्सोफोन कोलोसस’ या ध्वनिमुद्रिकेचे नाव हमखास येते, आणि जॅझमधील उपजेची, म्हणजे आयत्या वेळी सुचणाऱ्या स्वरविस्ताराची, काटेकोर चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांनीही नेमक्या याच ध्वनिमुद्रिकेवर भरपूर शाई खर्च केली आहे. नवख्याला कळणारे आणि पंडितांना पुरून उरणारे असे दोन वेगळे गुण तिच्यात शोधण्याचे कारण नाही. दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हाती घेतलेली चाल शेवटपर्यंत न सोडण्याची सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स यांची वृत्ती.

या ध्वनिमुद्रिकेचे मुद्रण २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सी राज्यातील हॅकेनसॅक या गावी झाले, आणि तेही कोणत्या भव्य वास्तूत नव्हे, तर रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातील बैठकीच्या खोलीत. व्हॅन गेल्डर हे व्यवसायाने नेत्रतपासनीस होते; चष्म्याचे नंबर काढून मिळवलेला पैसा ते ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर घालत, आणि तरीही त्या काळातील जॅझच्या कितीतरी श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका याच खोलीत तयार झाल्या. ‘प्रेस्टिज’ या कंपनीचे मालक बॉब वाइनस्टॉक यांना लांबलचक तालमी आणि पुनःपुन्हा केलेले मुद्रण या दोहोंचे वावडे असल्यामुळे वादकांना जे सुचेल ते तिथल्या तिथे वाजवावे लागे. रॉलिन्स तेव्हा २५ वर्षांचे होते; त्यांच्या साथीला पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच होते, आणि या चौघांनी वाजवलेल्या पाच रचना मिळून सुमारे ४० मिनिटांचे संगीत होते.

सॅक्सोफोन हे वाद्य अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने घडवून १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे एकाधिकारपत्र मिळवले. त्याचे अंग पितळेचे असले तरी नाद निर्माण होतो तो मुखपट्टीला बांधलेल्या वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून, म्हणून शास्त्रकार त्याची गणना क्लॅरिनेटप्रमाणे काष्ठवाद्यांत करतात. रॉलिन्स वाजवत तो ‘टेनर’, म्हणजे पुरुषी आवाजाच्या पट्टीतला सॅक्सोफोन. त्यांचा स्वर रुंद, काहीसा खरखरीत आणि बोलका होता. जॅझमध्ये प्रथम मूळ चाल वाजवली जाते, मग तिच्या लांबीचेच आवर्तन आणि तिच्या खालची स्वरसंगती कायम ठेवून एकेक वादक नवे स्वरवाक्य रचत जातो, आणि अखेरीस सारे मूळ चालीवर परततात. १९५६ च्या सुमारास अनेक वादक चाल एकदा वाजवून झाली की तिच्याकडे पाठ फिरवत आणि केवळ स्वरसंगतीच्या आधारे वेगवान फिरत घेत. रॉलिन्स यांचा मार्ग वेगळा होता.

तो वेगळेपणा पहिल्याच ‘सेंट थॉमस’ या रचनेत स्पष्ट ऐकू येतो. रॉलिन्स यांचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला, पण त्यांचे घराणे कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवरून आलेले. सेंट थॉमस हे त्यांच्या आईचे बेट, आणि ही चाल त्यांनी बालपणी तिच्याच तोंडून ऐकलेली. चाल १६ खंडांची आहे, म्हणजे चार-चार मात्रांचे १६ तुकडे झाले की एक आवर्तन पुरे होते. आरंभी मॅक्स रोच ड्रमवर कॅलिप्सोचा, म्हणजे कॅरिबियन बेटांवरील लोकगीतांचा, डोलणारा ठेका धरतात. चाल वाजवून झाल्यावर रॉलिन्स विस्ताराला हात घालतात तो अवघ्या दोन स्वरांनी. हे दोन स्वर ते पुन्हा वाजवतात, थांबतात, मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकवतात, त्यांतील अंतर बदलून पाहतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात ती जोडी पक्की बसल्यावरच तिच्यातून लांब वाक्ये उलगडू लागतात. त्यानंतर रोच एकट्याने वाजवतात, तेव्हा मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत राहिलेल्या श्रोत्याला आवर्तनाच्या सीमा कोठे येतात हे नुसत्या ड्रमवरूनही ताडता येते. ते संपताच ठेका बदलून सरळ जॅझची चार मात्रांची दौड सुरू होते आणि रॉलिन्स पुन्हा शिरतात. बेटावरून निघालेली चाल न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येते ती याच जागी.

‘यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज’ हे १९४१ मधील विलंबित प्रेमगीत आणि शिकागोतील एका हॉटेलाच्या नावाची आठवण ठेवणारी द्रुत ‘स्ट्रोड रोड’ या दोन्ही रचना उत्तम असल्या तरी ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण त्यांच्यावर अवलंबून नाही. ‘मोरिटाट’ची गोष्ट निराळी. बेर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट व्हाइल यांच्या १९२८ मधील ‘थ्री पेनी ऑपेरा’ या संगीतनाटकातले हे गीत. मोरिटाट म्हणजे जर्मन जत्रांत चित्रफलक दाखवत खुनाची कथा गाणाऱ्यांचे पद, ज्याची जातकुळी पिंगुळीची चित्रकथी परंपरा माहीत असलेल्या वाचकाला सहज उमगेल. न्यूयॉर्कमध्ये हे नाटक १९५४ पासून नव्याने गाजत होते आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रणाने ही चाल घरोघरी पोचली होती. अशा ओठांवरच्या चालीला दहा मिनिटे खेळवताना रॉलिन्स तिची थट्टाही करतात, मात्र ती थट्टा घरच्या माणसाने करावी तशी आहे.

अभ्यासकांचा वाद झडला तो ‘ब्लू सेव्हन’ या अखेरच्या, ११ मिनिटांहून अधिक लांबीच्या रचनेवरून. ही ‘ब्लूज’च्या १२ खंडांच्या साच्यातली असून वॉटकिन्स यांचा बास प्रथम एकटाच पावले टाकत येतो, आणि मग रॉलिन्स जी चाल वाजवतात तिचा आधारस्वर कोणता याबद्दल कान साशंक राहतो. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी ‘द जॅझ रिव्ह्यू’च्या नोव्हेंबर १९५८ च्या अंकात या वादनाचे लिपिबद्ध विश्लेषण करून असे प्रतिपादन केले की संपूर्ण विस्तार त्या चालीतील मोजक्या स्वरबीजांतून उगवला आहे, आणि या पद्धतीला त्यांनी ‘विषयाधारित उपज’ असे म्हटले. हा लेख जॅझ-समीक्षेतील मैलाचा दगड ठरला. पुढे २०१४ मध्ये बेंजामिन गिव्हन या संगीतशास्त्रज्ञाने दाखवून दिले की शुलर यांना खास या चालीची वाटलेली काही स्वरवाक्ये रॉलिन्स यांच्या इतर वादनांतही आढळतात, म्हणजे ती त्यांच्या हातात मुरलेलीच होती. हा आक्षेप वजनदार आहे. शुलर यांचे माप युरोपीय अभिजात रचनेचे होते, आणि सुटा धागा कोठेही नसणे हाच श्रेष्ठत्वाचा पुरावा मानण्याची त्या परंपरेची सवय त्यांनी जॅझवर लादली, असे म्हणावे लागते. तथापि मूळ निरीक्षण त्यामुळे बाद होत नाही, फक्त त्याचा भक्कम दाखला ‘ब्लू सेव्हन’ नसून ‘सेंट थॉमस’ आहे, कारण तेथील दोन स्वरांची कहाणी समजायला स्वरलिपी लागत नाही. ‘ब्लू सेव्हन’मध्ये अधिक लक्ष द्यावे ते रोच यांच्या एकल वादनाकडे, ज्याचे कौतुक शुलर यांनीही केले आहे : ड्रमवर चाल वाजवता येत नाही, तरीही एक त्रिमात्रिक आकृती आणि एक घुमारा एवढ्याच सामग्रीवर रोच बांधेसूद वाक्ये उभी करतात.

मुद्रणानंतर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ रोजी, रॉलिन्स आणि रोच ज्या वाद्यवृंदात नेहमी वाजवत त्यातील ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात मृत्यू पावले. रॉलिन्स यांची कीर्ती मात्र चढत गेली, आणि तिच्या ओझ्याने ते अस्वस्थही झाले. शुलर यांचा लेख वाचल्यावर आपण काय करतो आहोत याची नको तितकी जाणीव वाजवताना होऊ लागली, असे त्यांनी पुढे सांगितले. १९५९ मध्ये त्यांनी रंगमंच सोडला आणि दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर, गाड्यांच्या खडखडाटात, शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज केला. साठच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा दूर झाले, तेव्हा त्यांनी मुंबईत पवई येथील स्वामी चिन्मयानंद यांच्या आश्रमात काही महिने राहून योग आणि वेदान्त यांचा अभ्यास केला. त्यानंतर १९७८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या जॅझ यात्रेत ते आले, ते वादक म्हणून.